तांबें, अमोनिया आणि खारा वारा

आमचा एक भाचा रत्नागिरी जिल्ह्यांतील एका बंदरीं बर्फाचा कारखाना चालवितो. होड्या किनाऱ्यास लागण्याच्या आधीं बर्फाच्या लाद्या फोडून तयार नसतील, तर सारी मासळी दुपारपर्यंत मातीमोल होते, हें त्या गांवांत लहान पोरासही ठाऊक असतें. गेल्या माघांत त्या कारखान्यांतील एका नळीस सुईच्या अग्राएवढें छिद्र पडलें आणि अमोनिया वायूचा लोट बाहेर आला. कामकरी नाकास ओले पंचे लावून वाऱ्याच्या उगमाकडे पळाले, म्हणून कोणास इजा झाली नाहीं. पण कारखाना बारा दिवस बंद राहिला आणि पुढेंही कसाबसाच चालला. आतां सर्वच नळ्या बदलावयाच्या आहेत. एका व्यापाऱ्यानें त्यास सल्ला दिला कीं, "लोखंड गंजतें, तांबें घाला, म्हणजे जन्माची काळजी मिटेल." त्यावर भाच्याचें पत्र आलें, "मामा, घालूं का तांबें?"

त्यास जें उत्तर धाडलें, तेंच थोडें विस्तारानें वाचकांपुढें ठेवीत आहों. ज्यांच्या घरीं बर्फाचा कारखाना नाहीं त्यांनींही कंटाळूं नये. कारण या प्रश्नाचा अर्धा उलगडा स्वयंपाकघरांतच होण्यासारखा आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊं. अमोनिया हा वायु दाबून निववला कीं पाण्यासारखा पातळ होतो, आणि दाब काढला कीं शून्याखालीं ३३ अंशांवर उकळूं लागतो. उकळतांना तो भोंवतालची उष्णता ओढून घेतो व तिच्या अभावीं पाण्याचें बर्फ होतें. ही ओढून घेतलेली उष्णता बाहेर टाकण्यासाठीं जें यंत्र असतें त्यास कंडेन्सर म्हणतात. त्यांतील नळ्यांच्या आंत वातावरणाच्या सुमारें १५ पट दाबाखालील अमोनिया, बाहेरून ठिबकणारें पाणी, आणि सभोंवार समुद्राचा खारा वारा, अशी स्थिति असते. नळीच्या दोन बाजूंस दोन वैरी! एकाचा बंदोबस्त करावा, तर दुसरा आंत शिरतो.

आतां तांब्याची कथा. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यांत ताक ठेविलें तर तें कळकतें, हें सुगृहिणींस सांगावयास नको. तांबें हवेंत टिकतें, पाण्यांत टिकतें, पण आंबटापुढें हार खातें. अमोनिया आंबट नव्हे, उलट क्षारधर्मी आहे. तथापि ओलावा आणि हवा यांची सोबत मिळाली कीं तोही तांब्यास विरघळवितो व त्यापासून गर्द निळा द्राव बनतो. तापल्या भांड्यांत कल्हईवाला नवसागराची चिमूट टाकी, तेव्हां उठणारा पांढऱ्या धुराचा भपकारा ज्यांनीं पाहिला असेल, त्यांनीं या अमोनियाचा वास नकळत घेतलेला आहे. नवसागर तापला कीं त्यांतून जे दोन वायु सुटतात त्यांपैकीं एक हाच.

पितळेची गोष्ट तर आपल्याच देशांत घडली. ब्रिटिश अमदानींत येथील लष्कराच्या सांठ्यांतील पितळी काडतुसें पावसाळा आला कीं आपोआप चिरूं लागलीं. ना कोणी तीं ठोकलीं, ना उडविलीं; पेटी उघडावी तों चिरा! ऋतूशीं संबंध दिसला म्हणून इंग्रजींत या रोगास 'ऋतूचें तडकणें' अशा अर्थाचें नांव पडलें. काडतुसें घोड्यांच्या तबेल्यांत ठेविलेलीं असत. तबेल्यांतील मूत्रापासून सुटणारा अमोनिया, पावसाळी दमटपणा आणि पत्रा ओढून काडतूस घडवितांना धातूंत राहिलेला ताण, या तिघांनीं मिळून तें काम केलें होतें. १९२१ सालीं मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनीं हा उलगडा सविस्तर प्रसिद्ध केला. इतकें झाल्यावर अमोनियाच्या कारखान्यांत तांब्यापितळेच्या नळ्या घालणें म्हणजे तबेल्यांत दारूगोळा ठेवण्यासारखेंच होय.

व्यापाऱ्याचा सल्ला सर्वस्वी खोटा मात्र नव्हता. तो दुसऱ्या यंत्राचा होता. जहाजांच्या आणि किनाऱ्यावरील वीजकेंद्रांच्या कंडेन्सरांत एका बाजूस वाफ व दुसऱ्या बाजूस समुद्राचें पाणी असतें. तेथें ७० भाग तांबें, २९ भाग जस्त व १ भाग कथील यांच्या पितळेनें पुष्कळ वर्षें चाकरी केली. तिला इंग्लंडच्या आरमारखात्याचेंच नांव आहे. ९० भाग तांबें व १० भाग निकेल ही मिश्रधातु तर समुद्राच्या पाण्यांत नांवाजलेली आहे. पण येथें तिचा उपयोग नाहीं.

मग लोकांच्या मनांत पुढचें नांव येतें तें स्टेनलेस पोलादाचें. या बाबतींत आम्ही वाचकांस एक साधी गोष्ट विचारतों. आपल्या आज्या मीठ चिनी मातीच्या बरणींत कां ठेवीत? स्टीलच्या डब्यांत ओलसर मीठ कांहीं महिने ठेवून पाहावें. तळाशीं टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसूं लागतात. स्टेनलेस पोलादाचें रक्षण त्याच्या अंगावरील क्रोमियमच्या अति सूक्ष्म पापुद्र्यानें होतें, आणि मिठांतील क्लोराइड नेमकें त्या पापुद्र्यासच भोंक पाडतें. लोखंड सर्वांगानें गंजतें व आधीं सूचना देतें. हें मात्र वरून लखलखीत राहतें आणि एका जागीं आरपार जातें. १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेली घरगुती जात लिटरमागें सुमारें २०० मिलिग्रॅम क्लोराइडपर्यंत, आणि मोलिब्डेनम घातलेली ३१६ क्रमांकाची जात सुमारें १००० पर्यंत चालते, असें व्यवहारांत धरतात. समुद्राच्या पाण्यांत हाच आंकडा १९,००० च्या आसपास आहे!

"पण मामा, मी विहिरीचें पाणी वापरतों," असें भाचा म्हणेल. ठीक. परंतु आमटी आटली कीं खारट होते. कंडेन्सरावरून ठिबकणारें पाणी पुन्हां पुन्हां तेंच फिरवितात. त्यांतील कांहीं वाफ होऊन उडतें, मीठ मागें राहतें. विहिरींत २५० मिलिग्रॅम असलेलें क्लोराइड चौपट आटतांच १००० होतें. त्यांत कोंकणांतल्या किनाऱ्यालगतच्या विहिरी चैत्र-वैशाखांत मचूळ होतात, म्हणजे आरंभच वाईट. शिवाय दाबयंत्रांतून निघालेला अमोनिया १०० अंशांहून अधिक तापलेला असतो. नळीचें अंग ६० अंशांवर गेलें आणि त्यावर मीठ सुकत राहिलें, तर या जातींचें स्टेनलेस पोलाद केवळ खड्डेच नव्हे, तर चिराही घेतें. म्हणजे महाग नळी पहिल्या टोंकासच धोक्यांत.

या सर्वांवरून आमचें मत साध्या पोलादाच्या जाड नळीकडे झुकलें. आंतून ती उघडीच राहूं द्यावी, कारण अमोनियाचें व लोखंडाचें वैर नाहीं. बाहेरून मात्र वितळलेल्या जस्तांत बुडवून घ्यावी. जस्त आधीं स्वतः झिजतें आणि लोखंडास सांभाळतें. तीन ते सहा मिलिमीटर जाडीच्या पोलादावर असा थर सरासरी ७० मायक्रॉनचा बसला पाहिजे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. किनाऱ्यावरील तीव्र खाऱ्या हवेंत जस्त वर्षास सुमारें चार ते आठ मायक्रॉन झिजतें असें आंतरराष्ट्रीय मानकांत धरलें आहे. केवळ हवेचा हिशेब केला तर आठ ते सतरा वर्षें झालीं. ऊन पाणी सतत ठिबकत असल्यास त्याहून कमी. येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे: विजेच्या योगानें चढविलेला जस्ताचा पातळ मुलामा दिसावयास अधिक गुळगुळीत असतो, पण तो बहुधा पांच ते पंचवीस मायक्रॉनचाच असतो. दुकानदार दोहोंस एकच नांव देतात. थर मोजून घ्यावा.

आणि खिळेमोळे? हा भाग किरकोळ वाटतो, पण येथेंच पुष्कळांचा घात होतो. १७६१ सालीं इंग्लंडच्या आरमारानें 'अलार्म' नांवाच्या जहाजाच्या तळास, लांकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून रक्षण व्हावें म्हणून, तांब्याचा पत्रा ठोकला. दोन वर्षांनीं पाहतात तों पत्रा बहुतांशीं शाबूत, पण लोखंडी खिळे गळून गेलेले. ज्या थोड्या खिळ्यांपाशीं पत्र्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद चुकून राहिला होता, तेवढे वांचले. खाऱ्या पाण्यांत दोन धातु एकमेकांस टेकले कीं हलका धातु खर्ची पडतो, आणि तो आकारानें लहान असला तर फारच लौकर. म्हणून स्टेनलेसच्या मोठ्या सांगाड्यास साधे लोखंडी बोल्ट लावणें घातक; उलट जस्ती सांगाड्यास ३१६ चे थोडे बोल्ट लाविले, तर चालून जातें.

समुद्राचेंच पाणी घ्यावयाचें असतें तर गोष्ट निराळी होती. तेथें टायटॅनियमच्या पातळ पत्र्यांचें यंत्र हा उत्तम उपाय. त्यास ना मीठ बाधतें ना अमोनिया. पण त्याची किंमत ऐकून भाचा पत्राचें उत्तरच धाडणार नाहीं!

शेवटीं धुण्याविषयीं लिहिलें. उघड्यावरचें मीठ पाऊस धुऊन नेतो; छपराखालच्या आणि नळ्यांच्या पोटाकडील जागीं तें तसेंच राहून दमट हवेंत ओलें होतें. त्यामुळें १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या दिवसांत बंद पडलेलें यंत्रच अधिक गंजतें. त्या काळांत पंधरा दिवसांनीं एकदां गोड्या पाण्यानें तें खालून-वरून धुवावें, आणि एरवीं फिरतें पाणी ठराविक प्रमाणांत सोडून देऊन ताजें घालावें.

भाच्यानें तांब्याचा विचार सोडल्याचें कळविलें आहे. नळ्या जस्तांत बुडवून येण्यास तीन आठवडे लागतील. १ ऑगस्टला होड्या पुन्हां सुटतात. तोंवर त्या बसल्या पाहिजेत.