ताडपत्रीखाली झाकलेला प्रश्न

मे महिना सरू लागला की मुंबईतील झोपडपट्ट्यांची छपरे निळी दिसू लागतात. पत्र्यांवर प्लॅस्टिकची ताडपत्री अंथरायची, वाऱ्याने उडू नये म्हणून वर विटा नाहीतर जुने टायर ठेवायचे आणि चार महिने निभावून न्यायचे, हे शहराच्या अंगवळणी पडले आहे. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईतील ४० टक्क्यांहून अधिक लोकसंख्या झोपडपट्ट्यांत नोंदली गेली, हे लक्षात घेता ताडपत्री हा या महानगराच्या निवाऱ्याचा एक आधारच म्हणावा लागेल.

पूर्वीची ताडपत्री जाड सुती कापडाची, मेणाचा लेप दिलेली आणि वजनदार असे. ट्रक, गोदामे आणि बंदरातील माल हे तिचे मुख्य क्षेत्र. फाटली तर ठिगळ लावून ती पुन्हा वापरात येई. विणलेल्या पॉलिथिनच्या ताडपत्रीने हे चित्र पालटले. हलकी, स्वस्त आणि पाणी रोखणारी ही ताडपत्री घराचे छप्पर, फेरीवाल्याचा आडोसा आणि उत्सवातील मंडपाचे आच्छादनही झाली.

मात्र ही स्वस्ताई फसवी आहे. उन्हातील अतिनील किरणांनी प्लॅस्टिक ठिसूळ होते. पातळ ताडपत्री एखाद्-दुसऱ्या हंगामातच विरते आणि तिला ठिगळही टिकत नाही. परिणामी ज्याची ऐपत कमी, त्यालाच हा खर्च वारंवार करावा लागतो. फाटलेले तुकडे नाल्यांत जातात, ते निराळेच.

ग्रामीण भागातही चित्र फारसे वेगळे नाही. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन बाजार समितीत येते, तेव्हा परतीचा पाऊस अनेकदा गाठतो. शेडखाली व्यापाऱ्यांचा माल आणि उघड्यावर शेतकऱ्याचा, ही तक्रार जुनीच आहे. शेतकऱ्यांना ताडपत्रीसाठी अनुदान देणाऱ्या योजना उपयुक्त आहेत, यात शंका नाही. परंतु अनुदानाची ताडपत्री म्हणजे बाजार समितीचे शेड नव्हे.

भूकंप वा पुरानंतर ताडपत्री पहिली धावून येते, ती पक्का निवारा उभा राहीपर्यंत. जिथे आपत्ती नाही, तिथेही ती दरवर्षी लागत असेल, तर उणीव ताडपत्रीत नसून नियोजनात आहे. तात्पुरत्या सोयीलाच धोरण मानण्याची सवय सुटल्याखेरीज ही निळी छपरे कमी होणार नाहीत.