काटकसर : श्रावकाचे विस्मृत व्रत



दिवाळीच्या सुमारास आपण सर्व व्यापारी दुकानातील मालाची शिल्लक मोजतो. तुरीची पोती किती, हरभऱ्याची किती, बारदान किती आणि त्यातले फाटके किती, हे सारे वहीत उतरते. परंतु आपल्या घरात भांडी किती, वस्त्रे किती, पादत्राणांचे जोड किती, आणि त्यांतील किती वस्तू गेल्या वर्षभरात एकदाही हाती घेतल्या गेल्या नाहीत, याची मोजदाद आपल्यापैकी कितीजण करतात? पेढीवर एक चाळण हरवली तर आपण विचारणा करतो. घरात मात्र चालते यंत्र किरकोळ बिघाडासाठी भंगारात जाते आणि कोणी ब्र काढत नाही. या विसंगतीकडे सभासदांचे लक्ष वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

घरातील वस्तूंची मोजदाद ही काही नवी कल्पना नव्हे. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रताचे, म्हणजे परिग्रहपरिमाणाचे, पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत. क्षेत्र व वास्तू, हिरण्य व सुवर्ण, धन व धान्य, दासी व दास, आणि शेवटी कुप्य, या पाचांच्या मर्यादेचे उल्लंघन करू नये असा त्याचा आशय. कुप्य म्हणजे वस्त्रपात्रादी गृहोपयोगी सामान. जमीन आणि सोने यांना मर्यादा घालून शास्त्रकारांना थांबता आले असते. पण संसारी माणसाचा लोभ तिजोरीइतकाच फडताळातही वसतो, हे त्यांनी ओळखले होते. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावक कोट्यधीश होता. त्याने महावीरस्वामींपुढे व्रत घेतले तेव्हा सुवर्ण, गोधन, नांगर व गाडे यांच्याबरोबर अंग पुसण्याचे वस्त्र आणि दात घासण्याची काडी यांनाही मर्यादा घातली. दात घासण्याच्या काडीचा नियम करणारा माणूस दरिद्री नव्हता, व्यापारी होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

शास्त्रातील दुसरा एक भेद आजच्या काळाला अधिकच लागू पडतो. जे एकदाच उपयोगात येते तो भोग, जसे अन्न. आणि जे पुन्हा पुन्हा वापरता येते तो उपभोग, जसे वस्त्र व पात्र, असा भेद रत्नकरंडक श्रावकाचारात आचार्य समंतभद्रांनी केला आहे. आजच्या बाजाराने काय केले? उपभोगाच्या वस्तूंना भोगाच्या वस्तू करून टाकले. पात्र एकदा वापरून फेकायचे, पिशवी एकदा वापरून फेकायची, वस्त्र एका समारंभापुरते घ्यायचे. लग्नाच्या पंगती उठल्या की मागे उरणारा पेल्या-ताटांचा ढीग पाहावा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या कित्येक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. जे व्रताने व्हावयाचे ते कायद्याने करावे लागले, ही अपरिग्रहाचा वारसा सांगणाऱ्या समाजाला भूषणावह गोष्ट नाही.

पूर्वीच्या गृहिणींना वस्तू टिकवण्याचे शास्त्र मुखोद्गत होते. तांब्यापितळेच्या भांड्यांना वेळच्या वेळी कल्हई होई. भांडे तापवून, नवसागराने स्वच्छ करून, आत कथिलाचा पातळ थर दिला की आंबट पदार्थ पितळेला लागून कळकत नसे, आणि तेच भांडे दोन-तीन पिढ्या चाले. भांड्यावर नाव व साल कोरून घेण्याची आपली चाल होती. नाव कोरलेले भांडे कोणी उगाच मोडीत काढत नसे. जुन्या लुगड्यांची गोधडी होई, गोधडी विरली की तिचे पायपुसणे होई. आज सिकंदराबादेत कल्हईवाल्याची हाक क्वचितच कानी पडते. पॉट मार्केटच्या नावात भांडे उरले आहे. दुकानांत मात्र दागिन्यांचाच झगमगाट अधिक.

धान्याच्या बाबतीत मी अधिक अधिकाराने बोलू शकतो. डाळ किंवा गहू नीट वाळवून, चोळून एरंडेल लावून, कोरड्या व घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला, तर पावसाळा निर्वेध जातो. निष्काळजीपणे ठेवला तर त्यात कीड होते. मग धान्य फुकट जाते आणि असंख्य जीवांची हिंसाही घडते. चातुर्मासापूर्वी धान्य निवडून, उन्हे देऊन ठेवण्याची आपल्या घरांतील रीत म्हणूनच एकाच वेळी काटकसरही आहे आणि जीवदयाही. अहिंसा व मितव्यय यांचा इतका निकटचा संबंध स्वयंपाकघराइतका दुसरीकडे कोठे दिसत नाही. तीच गोष्ट बारदानाची. दाभण आणि सुतळीने वेळीच घातलेला एक टाका पोत्याला आणखी कित्येक फेऱ्या देतो. न घातला तर त्याच भोकातून दाणा गळतो आणि पोतेही जाते.

आता हिशेबाकडे वळू. वस्तूची किंमत म्हणजे दुकानात दिलेली रक्कम नव्हे. ती रक्कम भागिले वस्तू टिकण्याची वर्षे, ही खरी किंमत. समजा, एक भांडे १,२०० रुपयांचे असून ३० वर्षे टिकले, तर वर्षाला ४० रुपये पडले. दुसरे ३०० रुपयांचे असून ३ वर्षांत निकामी झाले, तर वर्षाला १०० रुपये पडले. स्वस्त कोणते, हे व्यापाऱ्याच्या मुलाला सांगावयास नको. यालाच जोडून तरुण सभासदांसाठी एक साधा नियम सुचवतो : हप्त्यांची मुदत वस्तूच्या आयुष्यापेक्षा लांब असू नये. वस्तू मोडीत गेली आणि हप्ता चालू राहिला, तर तो संसार नव्हे, ते व्याज भरणे आहे.

वस्तू लवकर बिघडतात यात सारा दोष घराचाच आहे असे नाही. १९२४ साली जिनिव्हा येथे विजेचे दिवे बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी फीबस नावाचा संघ स्थापून दिव्याचे आयुष्य सुमारे १,००० तासांवर आणण्याचे ठरवले, आणि त्याहून अधिक टिकणारे दिवे बनवणाऱ्या सभासद कारखान्यांना दंड ठेवला. म्हणजे टिकाऊपणा हाच अपराध ठरला! याच्या उलट प्रवाहही आता सुरू झाला आहे. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही उपकरणांवर ती दुरुस्तीला किती सोपी आहेत याचा गुणांक छापावा लागतो. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधीची माहिती ग्राहकांना एके ठिकाणी मिळावी अशी सोय केली. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल व विजेची उपकरणे, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि वाहने यांचा समावेश आहे.

तथापि काटकसरीच्या नावाखाली दोन चुका होतात, त्यांचाही निर्देश केला पाहिजे. पहिली म्हणजे धोक्याच्या वस्तूला चिकटून राहणे. गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी, मुदत संपलेले औषध टाकून द्यावे, सोललेली विजेची तार वापरू नये. साठ वॅटचा जुना दिवा जपण्यापेक्षा तेवढाच उजेड देणारा दहा वॅटचा नवा दिवा लावणे अधिक काटकसरीचे. रोज पाच तासांच्या वापरात वर्षाला सुमारे ९० युनिटे वाचतात. दुसरी चूक म्हणजे साठवणूक. माळ्यावर चार जेवणाचे संच कागदात गुंडाळून ठेवणे ही काटकसर नव्हे. शास्त्र जिला मूर्च्छा म्हणते, ती हीच. जी वस्तू आपल्याला नको आणि दुसऱ्याला हवी, ती ज्याच्या घरी वापरली जाईल तेथे गेली पाहिजे.

आणखी एक स्पष्टोक्ती करतो. काटकसरीचा सारा भार घरच्या स्त्रीवर टाकून पुरुषाने बाहेर मोटारी व मेजवान्यांवर खर्च करावा, हा न्याय नव्हे. तसेच दुरुस्ती करणाऱ्या कारागिराच्या मजुरीत घासाघीस करणे म्हणजे कंजूषपणा. वस्तू जपावी, माणसाची मजुरी पुरी द्यावी. आणि वाचलेला पैसा केवळ तिजोरीत न जाता त्याचा वाटा ज्ञानदान, औषधदान, जीवदया यांकडे गेला, तरच काटकसरीला धर्माचे रूप येते.

काही बंधू विचारतील, 'सर्वांनीच वस्तू जपल्या तर आपला व्यापार कसा चालायचा?' प्रश्न रास्त आहे. परंतु जनरल बाजारातील पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या चालल्या त्या गिऱ्हाइकाने वरचेवर तीच वस्तू घेतल्यामुळे नव्हे, तर घेतलेल्या मालावर त्याचा विश्वास बसल्यामुळे. टिकाऊ माल विकून त्याची दुरुस्ती करून देणारा व्यापारी एक गिऱ्हाईक नव्हे, सारे घराणे जोडतो. आपल्याच शहरातील बन्सीलालपेठेची पायऱ्यांची पुरातन विहीर अनेक वर्षे कचऱ्याने बुजली होती. ती बुजवून वर इमारत उठवणे सोपे होते. पण ती उपसून, दुरुस्त करून डिसेंबर २०२२ मध्ये जनतेसाठी खुली झाली, आणि आज लोक ती मुद्दाम पाहावयास येतात. जे विहिरीच्या बाबतीत शक्य झाले, ते एका शिवणयंत्राच्या बाबतीत अशक्य का मानावे?

शेवटी मंडळापुढे चार सूचना नम्रपणे मांडतो. पहिली, प्रत्येक कुटुंबाने पर्युषणात घरातील कुप्याची यादी करून वर्षाची मर्यादा ठरवावी. दुसरी, मंडळाने स्टीलच्या ताट-वाट्या-पेल्यांचा सामाईक साठा करावा आणि तो सभासदांच्या लग्नकार्यांना नाममात्र भाड्याने द्यावा. तिसरी, कल्हईवाले, रफूगार, शिवणयंत्र व घड्याळ दुरुस्त करणारे यांची यादी पुढील स्मरणिकेत छापावी; जाहिरातींच्या पानांत त्यांना एक पान विनामूल्य मिळाले तर मंडळाला काही कमी पडणार नाही. चौथी, गृहोपयोगी वस्तूंचे व्यापारी असलेल्या सभासदांनी विकलेल्या वस्तूंचे सुटे भाग निदान पाच वर्षे ठेवण्याचे वचन द्यावे.

यांपैकी एकही सूचना खर्चाची नाही, आणि एकीलाही कायद्याची गरज नाही. गरज आहे ती पेढीवरची शिस्त घराच्या उंबरठ्याच्या आत नेण्याची. येत्या दिवाळीत दुकानाची वही पुजताना शेजारी घरातील वस्तूंचीही एक छोटी वही असावी, इतकीच विनंती करून आपली रजा घेतो.