चोर कोण, हे ठरवायचे कसे?

राजा, प्रधान, शिपाई, चोर. चार चिठ्ठ्यांचा हा खेळ वऱ्हाडातल्या घराघरांत पिढ्यान् पिढ्या चालत आला. समोरच्याचा चेहरा वाचायचा आणि चोर ओळखायचा, एवढाच त्याचा गाभा. आज अमरावती-अकोल्यातील मुले मोबाइलवर जे ‘अमंग अस’ खेळतात, ते याच चिठ्ठ्यांचे नवे रूप आहे. फरक इतकाच, की येथे चोर एकटा शिपाई शोधत नाही; सारी सभा मतदान करून ठरवते. आणि खरी गंमत, तशीच खरी गोमही, तिथेच आहे.

या प्रकाराचा मूळपुरुष ‘माफिया’ हा खेळ. मॉस्को विद्यापीठात शिकणाऱ्या दिमित्री दाविदोव्ह याने तो १९८६ साली रचला. मूठभर लबाडांना आपले सोबती ठाऊक असतात. बहुसंख्य प्रामाणिकांना मात्र कोणाचीच खात्री नसते. इनरस्लॉथ या छोट्या अमेरिकी कंपनीने २०१८ मध्ये हीच कल्पना अंतराळयानात नेऊन ‘अमंग अस’ बाजारात आणला. दोन वर्षे त्याला फारसे कोणी विचारले नाही. २०२० च्या टाळेबंदीत मात्र तो जगभर पसरला. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली, तेव्हा घरात अडकलेल्या मुलांना दूरच्या मित्रांबरोबर एकत्र बसल्याचा आनंद देणाऱ्या गोष्टी थोड्याच होत्या. हा खेळ त्यांपैकी एक.

मुले त्यात इतकी का रमतात? डाव थोडक्या वेळात संपतो. प्रत्येक वेळी भूमिका बदलते. आजचा साव उद्याचा चोर. ‘मेलेला’ खेळाडूही आपली नेमून दिलेली कामे करीत राहतो, म्हणून कोणी हिरमुसून बाजूला बसत नाही. शिवाय येथे बोटांच्या चपळाईपेक्षा बोलण्याला महत्त्व आहे.

पण डाव जिंकतो कोण? हिशेब सोपा आहे. दहा खेळाडूंत दोन लबाड असतील आणि पुरावा नसताना पहिल्याच सभेत कोणाला तरी बाहेर काढले, तर तो निर्दोष असण्याची शक्यता शंभरात ऐंशी. प्रत्यक्षात ती अधिकच, कारण लबाडही मत देतात आणि ते कधी चुकून आपल्या सोबत्याला देत नाहीत. गप्प बसणारा, अडखळणारा, नवखा खेळाडू आधी बळी पडतो. एकाने बोट दाखवले की दुसरा री ओढतो, तिसऱ्याला वेगळे बोलण्याचा धीर होत नाही. लबाडाला खोटे रचावेही लागत नाही. सुरू झालेल्या संशयाला हलकेच हवा दिली की पुरे.

मुरलेले खेळाडू म्हणून तीनच प्रश्न विचारतात: तू कुठे होतास? तुला कोणी पाहिले? आरोप करणाऱ्याने स्वतः काय पाहिले? उत्तरे मिळाली नाहीत, तर ते कोणालाच मत देत नाहीत. तशी सोय खेळात मुद्दाम ठेवलेली आहे. घाईने चुकण्यापेक्षा थांबणे बरे, हेच या खेळातले सर्वांत मोठे डावपेच.

हे शहाणपण पडद्याबाहेर किती उरते? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. ते परके होते, एवढाच काय तो ‘पुरावा’. वऱ्हाडालाही संशयाचे चटके बसले आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत त्रिपुरातील घटनांच्या निषेधाचा मोर्चा आणि दुसऱ्या दिवशीचा बंद यांत हिंसाचार झाला. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद करावे लागले. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून दंगल उसळली आणि एकाचा जीव गेला. कारणे निरनिराळी, पण चाल ओळखीची: आधी बोट, मग गर्दी, विचारपूस शेवटी, किंवा नाहीच.

ऑनलाइन खेळ म्हटले की पालकांच्या कपाळावर आठ्या पडतात, आणि पैशांच्या खेळांनी घरे बुडाल्यामुळे त्या पडाव्यातही. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. केवळ करमणुकीच्या सामाजिक खेळांना त्यातून वेगळे काढले. आईवडिलांनीही हा भेद करावा. अनोळखी लोकांशी होणाऱ्या गप्पांवर लक्ष जरूर ठेवावे. पण एखाद्या रविवारी मुलांबरोबर स्वतःही एक डाव खेळावा. मोबाइल नको असेल तर चिठ्ठ्या आहेतच. डाव संपल्यावर एवढेच विचारावे, ‘ज्याला आपण बाहेर काढले, त्याच्याविरुद्ध आपल्याकडे नेमके काय होते?’

खेळात निर्दोष माणूस गेला तर पुढच्या डावात तो परत येतो. गावात आणि शहरात तशी सोय नाही.