झाकली मूठ

परवा भाची माझं लिंक्डइनचं पान नीट करून द्यायला बसली. आईच्या आजारपणात मी दोन वर्षं नोकरी सोडून घरी होते. ती म्हणाली, "मावशी, इथे 'स्वतंत्र सल्लागार' लिही. सगळे लिहितात." लिहिलं. पण रात्री झोप लागेना. त्या दोन वर्षांत मी सल्ले दिले ते फक्त आईला, आणि तिने एकही ऐकला नाही!

प्रत्येकाने स्वतःला ब्रँड समजावं, असं टॉम पीटर्स यांनी १९९७ साली 'फास्ट कंपनी' मासिकात लिहिलं होतं. समजू या. पण ब्रँड म्हणजे शेवटी खात्री. डब्यावर साजूक तूप आणि आत वनस्पती निघालं, तर गिऱ्हाईक परत येत नाही.

म्हणून सगळंच उघडं करावं असंही नाही. आईचे रिपोर्ट, माझी रडारड चारचौघांत कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची, कबूल. पण मुठीत जे नाहीच, ते आहे म्हणून सांगू नये.

लिंक्डइनने २०२२ साली नोकरीतल्या खंडासाठी वेगळी जागा करून दिली. सकाळी तिथे लिहिलं: 'दोन वर्षं, आईची शुश्रूषा.'

"मुलाखतीत विचारतील हं," भाची म्हणाली.

विचारू देत. हे उत्तर मला पाठ करावं लागणार नाही.