भरपाई मोजता, मग अपघात का मोजत नाही?



साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत कामगाराला इजा झाली आणि तो 48 तास कामावर येऊ शकला नाही, तर त्याची खबर सरकारला द्यावी लागते. 1948 च्या कारखाने कायद्यात हा दंडक होता, 2020 च्या संहितेतही आहे. पण त्याच कारखान्याचा ऊस तोडताना कोयता पायावर बसला, मोळी डोक्यावर घेऊन फळी चढताना बाई घसरली, तर हिशेब कोणाच्या वहीत? टोळी मुकादमाची, ट्रॉली वाहतूकदाराची, ऊस कारखान्याचा. माणूस कोणाचाच नाही! वजनातल्या काटामारीविरुद्ध आपण लढलो. माणसांच्या हिशेबातली ही काटामारी मात्र मुकाट्याने सोसतो.

सरकार म्हणते, आम्ही भरपाई देतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेत मृत्यू झाल्यास 2 लाख रुपये, एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास 1 लाख. 2023 पासून विमा कंपनीला बाजूला सारून सरकार स्वतः हे अनुदान देते. चांगले आहे. (ज्याच्या घरात सातबारा नाही, त्या तोडकऱ्याला या योजनेत जागाच नाही, ती गोष्ट वेगळी.) पण प्रत्येक प्रस्तावात अपघात कुठे, केव्हा, कसा झाला, ते लिहिलेले असते. पैसे दिले की फाईल बंद. त्या फायली शेजारी मांडून कोणी विचारते का, की किती जण स्टार्टरच्या पेटीला चिकटले, किती रात्री पाणी पाजताना गेले, कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात?

मोजल्याने काय होते? मळणी यंत्र पाहा. हात तुटला की मजूर निष्काळजी, असे म्हणायची रीत होती. हात आत जातो कसा, हे तपासल्यावर दोष सापडला घास घालायच्या आखूड, उघड्या तोंडात. मग ते तोंड 90 सेंटिमीटर लांब आणि त्यातले 45 सेंटिमीटर झाकलेले असावे, असे भारतीय मानक झाले. 1983 साली धोकादायक यंत्रांचा कायदाही आला.

न मोजल्याने काय होते? यवतमाळ पाहा. विषबाधेची खबर सक्तीची करण्याचा अधिकार 1968 च्या कीटकनाशक कायद्याने राज्याला दिला आहे. तरी 2017 च्या खरिपात फवारणी करणारे रुग्ण आठवडेच्या आठवडे दवाखान्यात येत राहिले आणि जाग आली ती मढी मोजायची वेळ आल्यावर. 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले.

आता आपल्या घरातले. माती तपासल्याशिवाय खत टाकू नका, असे आम्ही शेतकीचे पदवीधर गावोगाव सांगत फिरलो. पण त्याच मातीत माणूस पडला की आम्हीही 'नशीब' म्हणून मोकळे झालो. फेब्रुवारी 2022 मध्ये दिवसा 10 तास विजेसाठी कोल्हापुरात महावितरणच्या दारात ठिय्या बसला. अशा मागणीला सर्पदंशाची आणि शॉकची फीडरवार, वेळेसह यादी जोडली, तर साहेबाला 'पुरावा काय' म्हणायला तोंड राहणार नाही. सर्पदंशाची नोंद सक्तीची करा, असे केंद्रानेही नोव्हेंबर 2024 मध्ये राज्यांना कळवले आहे.

म्हणून प्रत्येक शाखेने एक वही घालावी. तारीख, वेळ, काम, अवजार, कुठे लागले, किती दिवस मोडले, एवढेच लिहावे. नाव नको, म्हणजे कोणी लपवणार नाही. थोडक्यात वाचलेलाही लिहावा, कारण तो उद्याच्या अपघाताची आगाऊ सूचना असतो. गुऱ्हाळावर रस अंगावर उडाला, तेही लिहा. मालक-मजूर भेद करू नका. दर बैठकीत वही वाचा. एकाच वळणावर दोन ट्रॉल्या उलटल्या, तर दोष चालकाचा की रस्त्याचा, ते बघा.

आणि गळीत हंगामाआधी या वह्या घेऊन आपण कारखान्याच्या, महावितरणच्या आणि कृषी कार्यालयाच्या दारात जाऊ. मागणी एकच: तुमच्या फायली उघडा, आमच्या वहीशी ताडून बघा, आणि पुढच्या हंगामाआधी काय दुरुस्त करणार ते लिहून द्या.

मेल्यावर 2 लाख देणारे सरकार आम्हाला नको असे नाही. पण त्याआधी जिवंत ठेवणारे हवे!