गव्हले की मोती?

गेल्या महिन्यात नातवाची मुंज झाली. त्या दिवशी खिरीवरून काय झालं ते नातेवाइकांना ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मुंजीला गव्हल्याची खीर हवी. वळायला कोणाला वेळ झाला नाही आणि दुकानातून आणलेल्या पुड्यात निघाली जाळी. सूनबाईने परदेशातून आणलेला 'पर्ल कुसकुस' पुढे केला. दिसायला थेट साबुदाणा! जाऊबाई म्हणाल्या, "ही नक्कल चालायची नाही." सूनबाई गप्प झाली, मीही गप्प बसले. खीर शेवयांची झाली.

त्यानंतर मी या मोत्यांची चौकशी केली. पहिली गंमत म्हणजे हे कुसकुस नव्हेच. खरा कुसकुस उत्तर आफ्रिकेतला. रव्यावर पाणी शिंपडून, हाताने वळून, वाफेवर शिजवतात. २०२० साली युनेस्कोने अल्जीरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया या चार देशांच्या नावे त्याची वारसा म्हणून नोंद केली. आपले मोती इस्रायलचे. तिथे त्यांना 'प्तितीम' म्हणतात. १९५० च्या दशकात तिथे काटकसरीचे दिवस होते, निर्वासित येतच होते. त्यांतल्या अरब देशांतून आलेल्यांना भात लागायचा आणि तांदूळ मिळत नव्हता. तेव्हा पंतप्रधान बेन-गुरियन यांच्या सांगण्यावरून ओसेम कंपनीने गव्हाच्या पिठाचे दाणे साच्यातून काढून, भाजून विकायला आणले. लोक त्याला 'बेन-गुरियनचा तांदूळ' म्हणू लागले. आणि पहिले दाणे गोल नव्हते बरं का, तांदळासारखे लांबट होते. म्हणजे आपले गव्हलेच की! मोती नंतर आले.

तेव्हा जाऊबाईंचं खरं आहे, ही नक्कलच. पण गव्हल्याची नव्हे, तांदळाची. आज तिथली मुलं परतलेला कांदा-टोमॅटो घालून ते आवडीने खातात, तांदूळ मुबलक असूनही. १९७२ च्या दुष्काळात आपण रेशनचा तांबडा मिलो खाल्ला. मी नुकतीच नोकरीला लागले होते. पाऊस झाला आणि मिलो ताटातून गेला, कोणी हळहळलं नाही. अडीनडीला आलेला पदार्थ जिभेला रुचला तरच घरचा होतो. नक्कल म्हणून त्याला हिणवण्यात काय अर्थ आहे?

मात्र जाऊबाईंची दुसरी बाजूही मला पटते. गव्हले म्हणजे नुसती खीर नव्हे. आई दुपारी रवा दुधात भिजवून बसायची, आळीतल्या चार बायका यायच्या, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत एकेक दाणा वळत गप्पा चालायच्या. ते पुड्यात मिळत नाही. पण संध्याकाळी आईची मान आणि बोटं धरलेली असायची, हेही मी पाहिलंय. त्या कष्टांना परंपरा म्हणून सुनांच्या गळ्यात बांधणं मला मान्य नाही.

म्हणून माझं मत असं. मुहूर्ताला घरातल्या प्रत्येकाने, पुरुषांनीसुद्धा, पाच-पाच गव्हले वळावेत. पंगतीच्या खिरीला मोती खुशाल घालावेत. मी करून पाहिली. साबुदाण्यासारखे भिजवू नका, लगदा होतो (हा अनुभव आहे!). वाटीभर मोती तुपावर परतून भरपूर पाण्यात दहा मिनिटं उकळायचे, निथळून मग आटवलेल्या दुधात सोडायचे. साखर, वेलची नेहमीसारखी. दाणा गव्हल्यापेक्षा जरा चिवट लागतो, पण खीर छान होते. आणि हो, गव्हाचे आहेत, एकादशीला चालत नाहीत.

सूनबाई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. शाळेत छत्तीस वर्षं बोलले आणि घरात गप्प बसले. दिवाळीत याल तेव्हा एक पुडा आण. जाऊबाईंनाही बोलावलंय. गव्हले त्या शिकवतील, खीर तू कर.