घाटावर विचारलेला प्रश्न

माघ वद्य चतुर्दशी आली की कऱ्हाडकर भाविकांची पावले आगाशिवाच्या डोंगराकडे वळतात. हातात बेलाची पाने, पाण्याचा तांब्या आणि मुखी शिवनाम. माथ्यावरील शंभूचे दर्शन घडल्यावाचून महाशिवरात्र झालीसे अनेकांस वाटत नाही. शिव हा स्मशानाचा स्वामी आणि भस्म हे त्याचे लेणे. म्हणून एरवी ज्याचा उच्चारही घरात अशुभ मानतात त्या मरणाच्या प्रश्नाविषयी आज लिहिले, तर सणाच्या दिवशी अभद्र बोलल्याचा दोष वाचक आम्हांस देणार नाहीत, अशी आशा आहे.

निमित्त घरचेच आहे. गेल्या फाल्गुनात आमच्या मातोश्री निवर्तल्या. प्रीतिसंगमावर अस्थिविसर्जन करून घाटाच्या पायऱ्या चढत असता धाकट्या बंधूंच्या सात वर्षांच्या कन्येने विचारले, ''आजी कुठे गेली?'' कोणी म्हणाले, ''देवाघरी.'' आम्ही म्हणालो, ''आत्मा मरत नाही, बाळ. आजीने फक्त देह टाकला.'' पुण्यास शिकत असलेला आमचा पुतण्या मात्र म्हणाला, ''राख झाली, ती नदीत गेली. पुढचं कुणालाच ठाऊक नाही.'' झाले! एका वडीलधाऱ्या आप्तांनी, ''दहाव्याला तुझी गरज नाही,'' असे त्यास सर्वांसमक्ष सुनावले. त्या रात्रीच्या गाडीने तो निघून गेला. आम्ही शेजारी उभे होतो आणि काहीही बोललो नाही. हे गप्प राहणे वर्षभर आम्हांस सलते आहे.

वास्तविक त्या घाटावर उभे राहून चहूकडे पाहिले तर मरणाविषयी एकच उत्तर देणारा असा हा मुलूखच नव्हे. आगाशिवाच्या वाटेवर जखिणवाडीच्या अंगास डोंगरात बौद्ध भिक्षूंची साठांहून अधिक लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तेथे विहार नांदत होते. कऱ्हाडच्या दात्यांची नावे दूर मध्य प्रदेशातील भारहुतच्या स्तूपावरही कोरलेली आढळतात, इतका हा गाव त्या धर्माशी जोडलेला होता. त्या लेण्यांत बसून भिक्षू जे चिंतन करीत, त्यात आत्म्यास स्थान नव्हते. एका दिव्याने दुसरा दिवा लावावा, ज्योत पुढे जावी, परंतु या दिव्यातून त्या दिव्यात जाणारी 'वस्तू' अशी काही नसावी, तसा जन्मामागून जन्म, असे बौद्ध पंडितांनी मिलिंद राजास सांगितले. आणि तथागत मृत्यूनंतर असतो की नसतो, या प्रश्नावर तर प्रत्यक्ष बुद्धांनी मौनच धरले. बाण लागलेल्या माणसाने तो कोणी मारला याची चौकशी करीत बसू नये, आधी तो उपटावा, असे त्यांचे सांगणे.

याच तालुक्यात उंब्रज, मसूर, शहापूर येथे समर्थांनी स्थापिलेले मारुती आहेत, आणि पलीकडे चाफळचा राम आहे. आमच्या मातोश्रींचे दासबोधाचे वाचन अखेरच्या आजारापर्यंत चालू होते. 'मी कोण' या प्रश्नाचा शोध घेत देहाहून वेगळा, अविनाशी असा आत्मा त्या ग्रंथाने दाखविला, आणि तो दाखवितानाच सगुणाची भक्ती सोडू नये असेही बजावले. बौद्ध म्हणतो, शोधून पाहिले, 'मी' सापडला नाही. वेदान्ती म्हणतो, शोधून पाहिले, एक 'मी'च तेवढा खरा ठरला. दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या कशा असतील?

आणि कृष्णेच्याच काठी, कऱ्हाडनजीकच्या टेंभू गावी, 14 जुलै 1856 रोजी गोपाळ गणेश आगरकर जन्मले. आज टेंभूचे नाव उपसा सिंचन योजनेमुळे वर्तमानपत्रांत वाचावयास मिळते. त्या गावाने महाराष्ट्रास हा पुरुष दिला याची आठवण क्वचितच निघते. जे बुद्धीस पटत नाही आणि ज्यास पुरावा नाही, ते आहे असे म्हणू नये, ही त्यांची भूमिका. परलोकाची भीती किंवा लोभ यांवाचूनही माणूस सदाचारी राहू शकतो, असे त्यांनी लिहिले आणि तसे ते जगलेही. एम.ए. होऊनही त्यांनी सुखाची नोकरी धरली नाही, फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य असतानाच दम्याने जर्जर होऊन 1895 साली अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते गेले. घरी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. त्यांच्या देवधर्माच्या आड ते आले नाहीत. उलट पुण्याच्या सनातन्यांनी काय केले? आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली! ज्या अंत्यविधीस आपण पवित्र मानतो, त्याचीच थट्टा धर्माभिमान्यांच्या हातून झाली. घाटावरील त्या आप्तांचे शब्द ऐकताना आम्हांस हाच प्रसंग आठवला होता. तरीही तोंड उघडले नाही.

संगमावर कृष्णा आणि कोयना जवळजवळ समोरासमोर येऊन मिळतात आणि एक होऊन पूर्वेस वळतात. ते पाहून 'सगळी मते शेवटी एकच' असे म्हणावयाचा मोह होतो. आम्हीही व्यासपीठावरून ते पुष्कळदा म्हटले आहे. पण ते खरे नाही. आत्मा आहे, आत्मा नाही, आणि ठाऊक नाही, ही तीन निरनिराळी उत्तरे आहेत. त्यांस एक म्हणणे म्हणजे तिन्ही न ऐकण्यासारखे आहे. आम्ही स्वतः वेदान्ताच्या बाजूचे आहोत आणि राहणार. परंतु आमच्या पूर्वजांची रीत प्रतिपक्षास घराबाहेर घालविण्याची नव्हती. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांचा 'सर्वदर्शनसंग्रह' उघडावा. पहिलेच प्रकरण चार्वाकाचे, दुसरे बौद्धांचे! आपले मत सांगण्याआधी पूर्वपक्ष त्याच्याच तोंडून, त्याच्याच बळाने मांडावयाचा, ही ती शिस्त. कठोपनिषदातील नचिकेता तर यमाच्या दारात जाऊन हाच संशय विचारतो: मेलेला माणूस उरतो असे काही म्हणतात, उरत नाही असे काही म्हणतात, खरे काय? यम त्यास पाखंडी म्हणत नाही. या प्रश्नाने देवही गोंधळले होते, असे म्हणतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आत्म्याचे अमरत्व सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनास म्हणतात की, तो नित्य जन्मतो आणि नित्य मरतो असे जरी तू मानलेस, तरीही शोक करणे तुला उचित नाही. म्हणजे न मानणाऱ्यासाठीही त्या रथावर जागा होती.

आणखी एक गोष्ट विधींचा आग्रह धरणाऱ्यांनी ध्यानी घ्यावी. कर्मकांडाचा अर्थ लावण्याचे शास्त्र ज्या पूर्वमीमांसेने रचले, ती जगाचा कर्ता असा ईश्वर मानीत नाही. तरीही ती आस्तिक दर्शनांत गणली जाते! मग एका विद्यार्थ्याने 'ठाऊक नाही' म्हटल्याने कोणते आकाश कोसळले?

त्या मुलीस आम्ही दिलेले उत्तर आम्ही मागे घेत नाही. पण 'काकांना असे वाटते, दादाला तसे वाटते, तू मोठी झालीस की दोघांनाही विचार' एवढे त्या वेळी सांगता आले असते. तिने आजीची जपमाळ स्वतःजवळ ठेवून घेतली आहे आणि अजून अधूनमधून ती तोच प्रश्न विचारते.

मातोश्रींचे वर्षश्राद्ध आता पंधरवड्यावर आले आहे. पुतण्यास आम्ही पत्र लिहिले, घाटावरील मौनाबद्दल क्षमा मागितली. उत्तर आले: येतो, पिंडाच्या विधीस बसणार नाही, पण आजीच्या आवडीच्या पुरणपोळ्या लाटायला बसेन आणि पाहुण्यांना वाढेनही. त्या आप्तांस हे पत्र आम्ही वाचून दाखविले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ''त्याला म्हणावं, आदल्या दिवशीच ये. डाळ निवडायची असते.''